कंदिलाखालचं झाड

माझ्या धाकट्या भावाने आमच्या गॅलरीत गांजाची झाडं लावली, तेव्हा आधी मी त्याला शिव्या घातल्या. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. घरात असलं झाड सापडलं तर पोलीस दारात येतील, माझी नोकरी जाईल, आणि आजारी बाबांच्या उशाशी पंचनामा होईल, हे मी त्याला बजावून सांगितलं. तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि मग मनात असेल तेच करतो. लहानपणापासूनचा स्वभाव आहे, औषध नाही.

"ताई, एकदाच," तो म्हणाला. "बाबा एकदा पोटभर जेवले पाहिजेत. बस. मग उपटून टाकतो सगळं."

मी कुंड्या तशाच राहू दिल्या.

बाबांच्या पोटातला कॅन्सर उशिरा कळला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. घरी न्या, दुखायला लागलं की ह्या गोळ्या द्या, असं सांगितलं. गोळ्यांनी दुखणं बरंचसं थांबायचं, पण भूक गेली ती गेलीच. ज्या माणसाने आयुष्यभर बांगड्याच्या तिकल्याचा, त्या झणझणीत कालवणाचा वास आला की ताट घेऊन बसावं, तो माणूस आईने कढईत फोडणी टाकली तरी तोंडावर टॉवेल धरायचा. पेज दोन घोट घ्यायचा आणि "झाला, झाला" म्हणून वाटी सरकवायचा. आईने मग घरात मासे आणणंच बंद केलं. आमच्या घरात मासे नाहीत म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळेल.

भाऊ मालिकांच्या सेटवर लाइटमन आहे. सासू रडत असेल तर तिच्या गालावरचं पाणी चमकायला कुठून उजेड मारायचा, ते त्याचं काम. सेटवर कोणीतरी त्याला सांगितलं की गांजाने मेलेली भूकसुद्धा परत येते, बाहेरच्या देशांत कॅन्सरच्या पेशंटना देतात. त्याने फोनवर बघितलं. मग मी बघितलं. काहींना थोडा उपयोग होतो, काहींना होत नाही, असं काहीसं हाती लागलं. डॉक्टरांना आडून विचारलं तर ते म्हणाले, असलं काही घरच्या घरी करू नका. मी भावाला ते सांगितलं. तो म्हणाला, "नाही झाला उपयोग तर नाही. पण मी काहीच केलं नाही असं नको व्हायला." बाजारातून पुडी आणायला मी त्याला ठाम नाही म्हटलं होतं, कारण तिच्यात काय काय मिसळतात देव जाणे. म्हणून त्याने कोणाच्या तरी पुडीतून पडलेल्या बिया मागून आणल्या आणि जुलैमध्ये कुंड्यांत पेरल्या.

आमचं घर चारकोपला, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीला बाहेर काढलेली ग्रील, तिच्यात आईची तुळस, कढीपत्ता, कोरफड, आणि आता त्यांच्या मागे ही झाडं. बाबांची कॉट गॅलरीच्या दाराला लावून ठेवलेली होती. जिने उतरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, तेव्हा जग म्हणजे ती गॅलरी. झाडं वर येताना त्यांनी रोज बघितली.

"ह्यां कसला झाड रे?" त्यांनी एकदा विचारलं.

भाऊ म्हणाला, "शोभेचं आहे, बाबा."

आई आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गांजो तो. आमच्या गावात एका बुवाच्या मागीलदारी असायचो." झालं. शोभा संपली. मग त्यांना खरं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, आयुष्यभर बिडी ओढली नाय, आणि आता मुलगो माका गांजो पाजतलो.

पण मला दिसायचं की त्यांना ते आवडलं होतं. झाडं नव्हे, मुलाचं हे करणं. भाऊ शूटिंगवरून आला की आधी गॅलरीत जाऊन पानं उलटीपालटी करायचा आणि बाबा कॉटवरून त्याच्याकडे बघत राहायचे. त्या दोघांचं एरवी फारसं बोलणं नसे. आता झाडाबद्दल बोलायला मिळायचं. पाणी जास्त होतंय, ते पान पिवळं पडलंय, मुंगी लागली बघ. माणसं जवळ यायला काय काय निमित्त लागतं.

मलाही मग राहवेना. मी शिव्या द्यायच्या थांबवल्या आणि भिंग घेऊन बसायला लागले. गांजाची झाडं पपईसारखी, नर वेगळं आणि मादी वेगळी. हा धडा मी वर्गात दरवर्षी शिकवते, तेव्हा पपईचं उदाहरण देते आणि ह्या झाडाचं नाव घेतलं की मागच्या बाकावर हसू फुटतं. औषध मिळायचं ते मादीच्या फुलांतून, आणि तेही तिच्यावर पराग पडला नाही तर. पराग पडला की तिचं सगळं बळ बिया करण्यात जातं. म्हणून दसऱ्याच्या आसपास कळ्या दिसायला लागल्या तशी नर झाडं मी ओळखून दिली आणि भावाने ती उपटून टाकली. उरल्या दोन माद्या. त्यांच्या शेंड्यांना पांढऱ्या केसांसारखे तुरे आले आणि वास सुटला.

वास म्हणजे असा की शेजारच्या काकी दारात येऊन नाक वर करून उभ्या. "काय गं, कसला वास येतोय तुमच्याकडे?" आईने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "ह्यांचा काढा उकळतंय. आयुर्वेदिक." काकींनी कोणत्या वैद्याचा म्हणून विचारलं. आईने मालवणच्या बाजूचं काहीतरी नाव ठोकून दिलं. भाऊ बाथरूममध्ये जाऊन हसत बसला. ते त्याचं त्या वर्षातलं शेवटचं मोठ्याने हसणं असावं, म्हणून लक्षात राहिलं आहे.

मग दिवाळी आली, आणि दिवाळी म्हणजे बाबांचा कंदील.

आमच्याकडे कंदील विकत आणलेला मला आठवत नाही. बाबा गिरणीत साचेवाले होते. माग चालवायचे. तुटलेला धागा चालत्या मागावर पटकन जोडायची एक बारीक गाठ असते, ती त्यांच्या बोटांत होती. कंदिलाच्या कामट्या ते त्याच गाठीने बांधायचे, त्यावर पतंगाचा कागद, कागदाच्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या. त्या वर्षी त्यांनी तो कॉटवर बसून केला. भाऊ कामट्या तासून द्यायचा आणि बाबा बांधायचे. थोडं बांधलं की दम लागायचा, मग झोपायचे, उठून पुन्हा बांधायचे. एक बाजू थोडी तिरकी झाली. "ऱ्हवांदे," म्हणाले. आधीच्या कंदिलांत तिरकेपणा त्यांनी कधी चालवून घेतला नव्हता, त्यामुळे मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

आमच्या घरची रीत अशी की वसुबारसेला लावलेला कंदील कोकणातल्या देवदिवाळीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष लागेपर्यंत ठेवायचा, आणि रात्रभर विझवायचा नाही. आमचे आजोबा, पणजोबा ह्या दिवसांत वरून जातात, त्यांना वाट दिसली पाहिजे, असं बाबांची आई सांगायची. ह्यातलं खरंखोटं बाबांनी कधी केलं नाही. इतर वर्षी कंदिलात झिरोचा बल्ब असायचा. पण त्या वर्षी बाबांची नजर मंदावली होती, कॉटवरून त्यांना कागदाचा रंग नीट दिसेना. म्हणून भावाने सेटवरून एक चांगला झगझगीत दिवा आणला आणि आत बसवला. गॅलरी उजळून निघाली. बाबांना रात्री झोप लागायची नाही, ते कंदिलाकडे बघत पडून राहायचे. सकाळी आईला सांगायचे, "रातभर तांबडो कागद कसो दिसत होतो गो."

कंदिलाच्या बरोबर खाली ती दोन झाडं होती. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. अभ्यासक्रमातली गोष्ट, घरात डोळ्यांसमोर, तरी नाही. आजारी माणसाच्या घरात माणूस आजारी माणसाकडेच बघतो.

दिवाळी होऊन थोडे दिवस गेल्यावर एका रविवारी सकाळी भावाने मला हाक मारली. मोठ्या झाडाच्या तुऱ्यांमधून काहीतरी पिवळं डोकावत होतं, छोट्या केळ्यांच्या फण्यांसारखं. मी भिंग लावलं. ते पुंकेसर होते. मादीच्या फुलात नराचे पुंकेसर. बोट लावलं तर पिवळी धूळ लागली. खालचे तुरे दाबून बघितले तर आत हिरव्या, कोवळ्या बिया धरायला लागल्या होत्या.

"नर तर आपण उपटले ना?" भाऊ म्हणाला. "मग हे कुठून आलं?"

मी वर बघितलं. दिवसाही कंदील चालूच होता, बंद करायचं राहून गेलं होतं.

त्याला सांगताना मी शिक्षिकेसारखीच बोलले, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात मला ते सांगता आलं नसतं. ह्या झाडाला फुलायला रात्र लागते. लांब, सलग, काळोखी रात्र. रोज तेवढा काळोख मिळाला की ते समजतं, वर्ष सरत आलं, आता फुलायचं. फुलल्यावर काळोख मोडला, रात्री मध्येच उजेड पडत राहिला की त्याच्या आतला मेळ बिघडतो. जास्त उकाडा झाला, मुळं दुखावली, पाणी तुटलं किंवा मादी फार दिवस परागाची वाट बघत राहिली, तरी तसंच होतं. मग मादीच स्वतःच्या अंगावर नराचे पुंकेसर काढते, स्वतःचाच पराग स्वतःवर घेते आणि बिया करते. संपायच्या आधी मागे काहीतरी राहावं म्हणून. वर्गात एखाद्या पोराने 'झाड घाबरतं' असं लिहिलं तर मी लाल रेघ मारते. झाड घाबरत नाही, संप्रेरकांचं प्रमाण बदलतं. पण भावाला मी म्हणाले, "घाबरलं रे ते."

तो कंदिलाकडे बघत उभा राहिला. बल्ब त्याने आणला होता. झाडंही त्यानेच लावली होती. एक बाबांच्या डोळ्यांसाठी आणि दुसरं पोटासाठी. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवत नव्हतं. मी त्याला म्हटलं, तुला माहीत असायचं कारण नव्हतं, ते मला माहीत होतं.

दुसरं झाड, लहान, ते मी नीट तपासलं. ते ग्रीलच्या कोपऱ्यात कोरफडीच्या आड होतं. त्यावर अजून पिवळं काही दिसत नव्हतं. आजपासून काळोख मिळाला तर कदाचित वाचेल, असं मी म्हणाले. महिनाभर लागेल. त्याने मोठं झाड तिथून उचलून आत मोरीपाशी ठेवलं, लहान झाडाची पानं पाण्याने धुतली, आणि संध्याकाळी कंदिलातला बल्ब काढून खिशात टाकला. आईने विचारलं तर म्हणाला, "उडाला. उद्या आणतो."

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"कंदील कित्याक लावलो नाय?" त्यांनी भावाला विचारलं. "काळोख होतो. माका वाटला, झाला आता."

काय झालं असं त्यांना वाटलं, ते कोणीही विचारलं नाही. आई पदराने तोंड पुसत राहिली. भावाला खोटं बोलणं पुढे रेटता येईना. त्याने खिशातून बल्ब काढून कॉटवर ठेवला आणि मला म्हणाला, "ताई, तू सांग."

मी बाबांना सगळं सांगितलं. नर, मादी, काळोख, पिवळी धूळ, बिया. त्यांनी नीट ऐकलं. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण मी काही शिकवायला लागले की कायम असेच ऐकायचे.

"म्हणजे पोपयेच्या झाडाक खिळो मारतत तसा," ते म्हणाले. "नर पोपय असली काय माझो बापूस बुंध्यात खिळो ठोकी. भियान फळाक लागायची."

खिळा मारलेली पपई मीही गावी बघितली होती. ती फळायची की नाही ते आठवत नाही, पण तिच्या बुंध्यावरचा गंजाचा ओघळ आठवतो.

"म्हंजे तुमच्यासारख्याच की," आई एकदम म्हणाली. "गिरण बंद पडली, नि तुमी पोरांची आवस झालास."

बाबा आमची आई झाले होते. हे आमच्या घरात कोणी असं बोलून दाखवलं नव्हतं.

गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते आणि भाऊ रांगत होता. बाबांना कुठे काम मिळेना. आईला मात्र इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम मिळालं. ती सकाळी डबा घेऊन जायची आणि बाबा घरी. ते भाकरी थापायला शिकले. भावाला मांडीवर घेऊन मऊ भात भरवायचे. माझ्या दोन वेण्या घालायचे, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे, आणि रिबिनीला तीच साच्यावरची गाठ मारायचे. ती गाठ शाळा सुटेपर्यंत तर नाहीच, पण घरी आल्यावरही त्यांच्याशिवाय कोणाला सुटायची नाही. नळावर ते बायकांच्या रांगेत उभे राहायचे. गणपतीच्या मंडपात पुरुष त्यांना 'काकी' म्हणून हाक मारायचे आणि सगळे फिदीफिदी हसायचे. मी पहिल्यांदा बाजूला बसले तेव्हा आई कामावर होती. बाबांनी कपाटातून आईचं जुनं सुती लुगडं काढलं, फाडून घड्या करून माझ्या हातात दिल्या आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "भियां नको. सगळ्यांका होता." मग चहा करून दिला. त्या वेळी मला लाज वाटली होती. आता त्या चहाची आठवण आली की मला रडू येतं, आणि मी ते थांबवत नाही.

आईच्या त्या वाक्यावर बाबा हसायला लागले. हसता हसता खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला, हाताला नुसती हाडं लागली. खोकला थांबल्यावर त्यांनी कॉटवरचा बल्ब उचलून भावापुढे धरला.

"लाव रे."

"बाबा, एक महिना," भाऊ म्हणाला. "फक्त एक महिना काळोख ठेवू. हे दुसरं झाड चांगलं आहे. ताईला विचारा. मग तुम्हाला भूक लागेल. आई तिकला करेल. प्लीज ना, बाबा."

"म्हयनो कोणी बघितलो हा?"

"तुम्ही असं बोलू नका."

"माका भूक नाय रे," बाबा म्हणाले. आवाज एकदम साधा होता, पाणी नको म्हणावं तसा. "ती आता येवची पण नाय. तू केलंस, माका पोचला. उजेड ऱ्हवांदे."

भाऊ आईकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. मी त्याला 'लाव' म्हटलं नाही आणि 'नको'ही म्हटलं नाही. मला कळत होतं की तो बल्ब लावायचा म्हणजे बाबा आता जेवणार नाहीत हे कबूल करायचं. बाबांनी ते आमच्या आधी कबूल केलं होतं. आम्हालाच ते जमत नव्हतं. शेवटी भावाने त्यांच्या हातातून बल्ब घेतला, स्टुलावर चढला आणि सगळ्या सेटवरचे दिवे एकटा जोडणारा तो माणूस होल्डरमध्ये बल्ब बसवायला कितीतरी वेळ घेत राहिला. बसवून झाल्यावर तो चपला न घालता खाली निघून गेला. आई म्हणाली, "जा गो त्याच्या मागसून." मी गेले. तो पहिल्या मजल्याच्या वळणावर बसून रडत होता. मी शेजारी बसले. वरून कोणी आलं की आम्ही सरकून वाट द्यायचो आणि परत बसायचो.

लहान झाडालाही मग ते व्हायचं ते झालं. त्याच्या तुऱ्यांतही पिवळी केळी आली, बिया धरल्या. बिया पिकून तपकिरी झाल्या, वाऱ्याने गॅलरीत पडल्या. चिमण्या यायला लागल्या. बाबा त्यांना बघायचे. भावाने एकही बी उचलली नाही. देवदिवाळी झाली, बिल्डिंगमधले सगळे कंदील उतरले. आमचा राहिला.

मार्गशीर्षात एका दुपारी बाबा गेले. आई त्यांना चमच्याने पाणी पाजत होती, पाणी ओठाच्या कडेने बाहेर आलं, आणि तिने मला हाक मारली. कंदील तेव्हाही चालू होता. भाऊ सेटवर होता, तो पोहोचेपर्यंत काकींनी खाली माणसं जमवली होती. तो आला, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठून आधी गॅलरीचं बटण बंद केलं. तेराव्यानंतर त्याने कंदील उतरवायला घेतला तर दोरीची गाठ सुटेना. बाबांनीच मारून दिली होती. त्याने बराच प्रयत्न केला. मी कात्री दिली तर त्याने ती घेतली नाही, दोरीसकट वरची खुंटीच उपसून काढली. कंदील आता माळ्यावर आहे, दोरी आणि खुंटीसकट. दोन्ही झाडं त्याने त्याच दिवशी टाकून दिली.

पावसाळ्यात तुळशीच्या कुंडीत एक रोप आलं. बोटभर असतानाच मी ते ओळखलं. भावाला म्हटलं, उपट, आता आपल्याला त्याची काय गरज. आई म्हणाली, "ऱ्हवांदे. त्यांच्या डोळ्यांदेखत धरलेली बी ती." मी चिडले. पोलीस, नोकरी, सगळं परत एकदा बोलून झालं. आई म्हणाली, काकींका सांगीन, काढ्याचा झाड. तिच्यापुढे बोलण्यात अर्थ नसतो. तिच्या समाधानासाठी मी एवढंच सांगितलं की एकट्या मादीने स्वतःच्या परागावर केलेल्या बियांतून जवळजवळ सगळ्या मुलीच होतात. वेळ वाईट आली तर त्याही आपल्या आईने केलं तेच करतात. आईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि रोपाला पाणी घातलं.

मग दिवाळी आली. वर्षाच्या आतली, म्हणून आमच्याकडे काही नव्हतं. फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला. दारात रांगोळी नाही, पणती नाही, कंदील नाही. समोरच्या बिल्डिंगला माळा लागल्या होत्या म्हणून आईने ग्रीलला आतून जुनी चादर बांधली, तिला ते बघवत नव्हतं. आमची गॅलरी काळोखात बुडून गेली. एवढा काळोख तिथे कधीच झाला नव्हता. निजायच्या वेळी मी दार लावायला जायचे तेव्हा तिथे नुसता वास असायचा, तोच, पण आता जास्त दाट.

देवदिवाळीच्या सुमाराला भावाने चादर सोडली आणि मला बोलावलं. झाड तुळशीच्या वर गेलं होतं. तुरे हाताच्या मुठीएवढे, चिकट, चकचकीत. मी भिंग आणून एकेक तुरा उलगडून बघितला. पिवळं कुठेही नव्हतं. बी नव्हती. पुस्तकात असतं तसं झाड. गेल्या वर्षी आम्हाला हवं होतं ते हेच होतं.

"झकास झालंय गं, ताई," भाऊ म्हणाला.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने तुऱ्यांवरून हात फिरवला, बोटं चिकट झाली ती पदराला पुसली.

"ह्याच्यात बियो नाय धरल्यो?"

"नाही," मी म्हणाले.

"कित्याक?"

"काळोख होता ना, आई. गॅलरीत."

तिला कळलं. ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. आत बाबांची कॉट अजून दाराला लावलेली होती, वर आमच्या घड्या केलेल्या गोधड्या. तिने एकदा तिकडे बघितलं आणि मग मुलाकडे वळली.

"आता कोणाक जेवूक घालतलंस पोटभर?"